बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं

पंडिता रमाबाईंच्या धर्मांतराची तारीख महाराष्ट्राने केव्हाच नक्की करून टाकली आहे. २९ सप्टेंबर १८८३. इंग्लंडमधल्या वाँटेज गावी, अँग्लिकन जोगिणींच्या मठात, पंचविशीतल्या रमाबाईंनी आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या अडीच वर्षांच्या मुलीने, मनोरमेने, बाप्तिस्मा घेतला. बातमी पुण्यात पोचली आणि जे वादळ उठलं त्याचे पडसाद अजून पुरते शमलेले नाहीत. बाईंनी असं का केलं, कुणी त्यांना फूस लावली, समाजसुधारकांची त्यांनी निराशा केली की समाजाने त्यांची, या सगळ्या चर्चा त्या एका तारखेभोवती फिरतात.

स्वतः रमाबाईंना मात्र ती तारीख तेवढी मोठी वाटत नव्हती. १९०७ मध्ये त्यांनी 'अ टेस्टिमनी ऑफ अवर इनएक्झॉस्टिबल ट्रेझर' नावाची छोटी आत्मकथा इंग्रजीत लिहिली. तिच्यात त्या सांगतात की बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता; तो सापडायला पुढे आठ वर्षं जावी लागली. म्हणजे १८९१. या वर्षाकडे आपल्या इतिहासलेखनाने जवळजवळ पाठच फिरवली आहे. त्या वर्षी जे घडलं त्यावरून सभा झाली नाही, अग्रलेख आले नाहीत, कुणी राजीनामे दिले नाहीत. एका बाईने पुण्यात एक पुस्तक वाचलं आणि आपल्या पापांची क्षमा झाली आहे अशी तिची खात्री पटली, एवढंच. पण रमाबाईंनी विधवांसाठी काढलेल्या शारदा सदनातली फूट, केडगावचं मुक्ती मिशन, १९०५ चं तिथलं संजीवन म्हणजे धर्मजागृतीची लाट, या तिन्ही घटना या खात्रीशिवाय उलगडत नाहीत असं मला ठामपणे वाटतं.

मराठी ख्रिस्ती मंडळींत याला 'तारणाची खात्री' म्हणतात. येशू जगाचा तारणारा आहे असं मानणं वेगळं, आणि माझी पापं पुसली गेली आहेत, ती पुन्हा माझ्यासमोर मांडली जाणार नाहीत, हे आज, या जन्मी, स्वतःपुरतं ठाऊक असणं वेगळं. या दोहोंमधलं अंतर किती मोठं असतं हे कळण्यासाठी रमाबाई कुठून निघाल्या तिथून सुरुवात केली पाहिजे.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष झाला, तेव्हा पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात घर बांधून राहिलेला हा माणूस. तिथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाई जन्मल्या. पुढे घर मोडलं आणि सारं कुटुंब तीर्थयात्रेला लागलं ते कायमचंच. देवळाच्या आवारात बसून पुराण सांगायचं, जे मिळेल त्यावर राहायचं, पुढच्या तीर्थाला निघायचं. स्नानं, उपवास, प्रदक्षिणा, जप, ब्राह्मणांना दान. शास्त्राने सांगितलेलं एकही साधन या कुटुंबाने सोडलं नाही. पुण्य साठत होतं, असा सगळ्यांचा विश्वास होता.

मग मद्रास इलाख्यातला दुष्काळ आला. होतं नव्हतं ते विकलं गेलं, त्यातलंही काही देवकार्यात खर्च झालं. अंगावरचे दागिने, भांडी, शेवटी धान्य संपलं. तिरुपतीजवळच्या रानात झाडाचा पाला खाऊन दिवस काढायची वेळ आली. म्हाताऱ्या, दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्रींनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं, मुलांचा निरोपही घेतला. तेव्हा थोरल्या श्रीनिवासाने सांगितलं की आपण जातीचा ताठा सोडून मजुरी करू. पण मजुरी मिळायच्या आधीच वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली, नंतर बहीण. आईची तिरडी न्यायला पुरेसे लोक मिळाले नाहीत. सोळा वर्षांच्या रमाबाईंची उंची खांद्याला पुरेना, म्हणून आपल्या बाजूचा भार त्यांनी डोक्यावर घेतला.

हे दुःख मी सांगतो आहे ते करुणेसाठी नाही. या अनुभवाने रमाबाईंच्या मनात एक हिशेब उघडा पडला, म्हणून. इतकं पुण्य केलं, ते कुठे गेलं? कमी पडलं असेल तर किती कमी पडलं? कुणालाच सांगता येत नव्हतं. साधनं होती, पण ती पुरेशी झाली की नाही हे कळण्याची सोय नव्हती.

भाऊ-बहीण पायी उत्तरेकडे गेली. कडाक्याच्या थंडीत झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून, अंगावर वाळू ओढून त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली दोघं कलकत्त्याला पोचली आणि तिथल्या विद्वानांनी या तरुणीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' ही बिरुदं दिली. बायकांसमोर धर्मशास्त्रावर व्याख्यानं द्यायची म्हणून रमाबाईंनी स्मृतिग्रंथ बारकाईने वाचायला घेतले. एरवी प्रत्येक मुद्द्यावर एकमेकांशी भांडणारे हे ग्रंथ एका गोष्टीत एकमत आहेत असं त्यांच्या लक्षात आलं. स्त्री म्हणून जन्मलेल्या जिवाला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. पतीची सेवा करावी, पुण्य साठवावं, लाखो जन्मांच्या फेऱ्यात कधीतरी ब्राह्मण पुरुषाचा जन्म मिळावा, मग पुढचं पाहता येईल. ज्या मुलीला आईने हजारो श्लोक मुखोद्गत करायला लावले, तिला त्याच भाषेने सांगितलं की तू रांगेत उभी नाहीसच.

इथे कुणी विचारेल की आपल्या संतांनी जनाबाईला, चोखोबाला नामाची वाट मोकळी करून दिली होती, ती रमाबाईंना दिसली नाही का? प्रश्न रास्त आहे. पण रमाबाईंची जडणघडण मराठी मुलखाबाहेर, संस्कृत पुराणांच्या आणि तीर्थांच्या जगात झाली. पंढरीच्या वारीचा संस्कार त्या घरावर नव्हता. त्यांना जो धर्म भेटला त्याच्याशीच त्यांचं भांडण होतं.

पुढचा काळ भराभर सरकतो. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी रमाबाईंनी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. सिलचरच्या घरात पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. दोन वर्षांत पती पटकीने गेला. कडेवर मनोरमा घेऊन त्या १८८२ मध्ये पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, शिक्षणाविषयीच्या हंटर कमिशनपुढे साक्ष दिली, 'स्त्रीधर्मनीति' लिहून इंग्लंडच्या प्रवासाचे पैसे उभे केले.

इंग्लंडमध्ये आल्यावर वाँटेजच्या जोगिणींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम इथे चालवलेलं एक गृह दाखवलं. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायकांसाठी ते होतं. रमाबाईंनी स्मृतींत वाचलं होतं की व्यभिचारिणीला राजाने भर चौकात कुत्र्यांकडून खाववावं. इथे मात्र अशाच बायका आजाऱ्यांची शुश्रूषा करत होत्या आणि जोगिणी त्यांच्याशी आदराने वागत होत्या. हे कशामुळे, असं रमाबाईंनी विचारलं. उत्तर म्हणून एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. पाच नवरे झालेली, सध्या ज्याच्याबरोबर राहते तो नवरा नसलेली एक शोमरोनी बाई भर दुपारी विहिरीवर येते. येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिचं सारं आयुष्य त्याला ठाऊक आहे. तरी तो तिच्याशी ईश्वराच्या उपासनेबद्दल बोलतो, जे शास्त्रीमंडळींनी एखाद्या पुरुषाशी बोलावं.

रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यामागे ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयी निळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी केलेली दीर्घ मांडणीही होती. १८४८ साली ख्रिस्ती झालेले हे विद्वान चित्पावन शास्त्री. पण वाद जिंकण्याचं काम बुद्धीचं असतं, आणि गोऱ्हेशास्त्रींच्या स्वतःच्या मनात संशयाची टोचणी अखेरपर्यंत राहिली. फुलहॅमने रमाबाईंना जे दाखवलं ते वादापलीकडचं होतं. त्यांनी क्षमा चालताबोलताना पाहिली.

बाप्तिस्म्याआधी मठात एक भीषण घटना घडली. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी विष घेऊन प्राण दिला. त्या दुःखाच्या छायेतच २९ सप्टेंबरचा विधी झाला.

आणि त्यानंतर काय झालं? शांती मिळाली नाही. वाद सुरू झाले. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात डोरोथिया बील यांच्याकडे शिकू लागल्या आणि त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार अधिकाधिक तिखट होत गेला. त्रैक्याचा सिद्धान्त असाच का मानायचा? अथनासियसचा विश्वासांगीकार पवित्र शास्त्रात कुठे आहे? बिशपांनी सांगितलं म्हणून काय झालं? भारतातल्या पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी जेराल्डिनना बजावलं. ही पत्रं आज छापील मिळतात. ज्यांना रमाबाई म्हणजे मिशनऱ्यांनी फसवलेली भाबडी बाई वाटतात त्यांनी ती वाचावीत.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. निमित्त होतं डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाचं. तिथे पावणेतीन-तीन वर्षं राहून 'द हाय कास्ट हिंदू वुमन' लिहिलं, बोस्टनमध्ये मदत मंडळ उभं केलं. आणि तिथे ख्रिस्ती पंथांचा बाजारच त्यांच्यापुढे उघडला. मेथॉडिस्ट, बॅप्टिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन, प्रत्येकाचा आग्रह वेगळा. वाँटेजच्या हाय चर्च, म्हणजे विधींवर भर देणाऱ्या अँग्लिकन, मंडळींनी सांगितलं होतं की बाप्तिस्म्याच्या पाण्यातच नवा जन्म होतो. रमाबाईंनी तो विधी श्रद्धेने केला होता. पण नवा जन्म झाल्यावर अंतःकरणात काही बदलायला हवं होतं, ते बदललं नव्हतं. गंगामूळच्या लेकीचा जुना प्रश्न नव्या देवळातही उभाच होता. विधी केला, पण तो पुरला की नाही, कोण सांगणार?

हा प्रश्न रमाबाईंचा एकटीचा नव्हता. युरोपचं सोळावं शतक याच प्रश्नाने दुभंगलं होतं. पापक्षमेची पत्रं पैशाला विकली जात होती तेव्हा, १५१७ मध्ये, मार्टिन ल्यूथरने विटेनबर्गमध्ये आपले पंचाण्णव मुद्दे मांडले. पैशाचा भ्रष्टाचार हा त्या वादाचा वरचा पापुद्रा होता. आत एका साधूची घुसमट होती. कितीही उपवास, कितीही पापकबुली केली तरी देव आपल्यावर प्रसन्न आहे की रागावलेला, हे त्याला कळत नव्हतं. पौलाच्या रोमकरांस पत्रातून त्याला उत्तर मिळालं की क्षमा ही कमाई नव्हे, देणगी आहे. श्रद्धेने हात पुढे केला की ती मिळते, म्हणून ती मिळाली हे जाणताही येतं. रोमन कॅथलिक चर्चने १५४७ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ही भूमिका नाकारली. आपल्याला क्षमा झाली आहे अशी ठाम खात्री बाळगणं हा अहंकार ठरू शकतो. आशा धरावी, विधी पाळावेत, निकाल देवावर सोपवावा, असा त्यांचा रोख. या भूमिकेतही एक नम्रता आहे, ती मला दिसते. पण ज्याचा भीतीमुळे डोळा लागत नाही त्याला ती पुरत नाही.

दोन शतकांनी हाच काटा जॉन वेस्ली या अँग्लिकन पाद्र्याला बोचला. १७३६ साली तो अमेरिकेतल्या जॉर्जिया वसाहतीत मिशनरी म्हणून गेला असताना मोरेव्हियन पंथाच्या श्पांगेनबर्गने त्याला विचारलं की तुला येशू ख्रिस्त ठाऊक आहे का. तो जगाचा तारणारा आहे, वेस्ली म्हणाला. खरं आहे, पण त्याने तुला तारलं आहे हे तुला ठाऊक आहे का? वेस्लीने हो म्हटलं, आणि रोजनिशीत नोंद केली की आपले ते शब्द पोकळ असावेत अशी भीती वाटली. ही भीती १७३८ च्या २४ मे रोजी लंडनच्या अल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका छोट्या सभेत गेली. तिथे कुणीतरी रोमकरांस पत्राची ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना वाचत होतं.

वेस्लीने पुढे इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलच्या खाणकामगारांमध्ये ही गोष्ट नेली आणि तिथली गावंच्या गावं मेथॉडिस्ट झाली. शंभर वर्षांनी त्याच मुलखात, बाल्ढू नावाच्या गावी, विल्यम हॅस्लम हा अँग्लिकन पाद्री होता. हाय चर्च विचारांचा, विधींवर प्रेम करणारा, कष्टाळू. त्याचा माळी क्षयाने आजारी पडला आणि त्याला तारणाची खात्री मिळाली, तेव्हा हॅस्लम अस्वस्थ झाला. पेंडीनच्या रॉबर्ट एटकिन या ज्येष्ठ पाद्र्याकडे तो गेला, तर एटकिनने त्यालाच तपासलं. देवाशी तुझा समेट झाला आहे का? तुला शांती आहे का? १८५१ च्या ऑक्टोबरमध्ये हॅस्लम व्यासपीठावरून ख्रिस्ताविषयी प्रवचन करत असताना त्याच्या स्वतःच्याच अंतःकरणात प्रकाश पडला. त्याचा चेहरा आणि आवाज बदलला, आणि ऐकणाऱ्यांतून एक जण ओरडला की पाद्रीसाहेबांचंच परिवर्तन झालं. १८८० मध्ये हॅस्लमने हे सगळं 'फ्रॉम डेथ इंटू लाइफ' या पुस्तकात लिहिलं.

ते पुस्तक रमाबाईंच्या हाती पडलं.

शारदा सदन ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं होतं आणि पुढच्या वर्षी पुण्याला आलं होतं. काम जोरात होतं, पण आतली कोरड तशीच होती. अशा वेळी त्यांनी एका माणसाची हकिकत वाचली, जो बाप्तिस्मा घेतलेला होता, दीक्षित पाद्री होता, देवाचं काम करत होता, आणि तरीही रिकामा होता. आपली गोष्ट कुणीतरी आधीच जगून ठेवली आहे हे रमाबाईंना दिसलं. त्या पुन्हा पवित्र शास्त्राकडे वळल्या. आपण पापाचं गाठोडं आहोत आणि ते सोडवणं आपल्या हाती नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. सगळी विद्या, सगळं कर्तृत्व बाजूला ठेवून. मग ध्यानात आलं की क्षमा मागायची नव्हे, घ्यायची आहे. ती दिली गेलेली आहे.

'टेस्टिमनी'मधली ही पानं वाचताना त्यांचा आनंद कागदावर मावत नाही. त्या लिहितात त्याचा आशय असा. ब्राह्मण पुरुषाचा जन्म मिळेपर्यंत लक्षावधी फेऱ्यांची वाट पाहायला नको. जात लागत नाही, लिंग लागत नाही, कर्म लागत नाही, कुणा पुरुषावर अवलंबून राहावं लागत नाही. भारतात जन्मलेल्या, आशेला जागाच नसलेल्या एका बाईसाठी ही केवढी सुवार्ता! हॅस्लमला मिळालं तेच रमाबाईंना मिळालं, पण कॉर्नवॉलमध्ये आणि पुण्यात त्याचा अर्थ एकच राहिला नाही. हॅस्लमला क्षमा मिळाली, त्याला आपला रिकामेपणा भरून निघालेला दिसला. रमाबाईंना त्याच वेळी शारदा सदनातल्या मुलींचे चेहरे दिसले.

कारण त्या मुलींना पापाची ओळख कुणी करून द्यायला नको होती. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' मध्ये रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे की वैधव्य ही मागच्या जन्मीच्या घोर पापाची शिक्षा समजली जाई. नऊ-दहा वर्षांची पोर, नवऱ्याचा चेहरा धड न पाहिलेली. तो तापाने मरतो. सासू म्हणते, हिने माझा मुलगा खाल्ला. तिचे केस काढतात, एकवेळ जेवायला घालतात, शुभकार्यात तिचं तोंड नको असतं. आणि ही सगळी वागणूक तिने मान्य करायची असते, कारण तिच्या कुठल्यातरी अज्ञात जन्मीच्या अपराधामुळेच तो मेला. कोणता अपराध, केव्हा केला, शिक्षा किती उरली, तिला काहीच सांगितलं जात नाही. ज्या गुन्ह्याची आठवणसुद्धा नाही त्यासाठी ती जन्मभर दोषी.

या मुलीला 'तुझी क्षमा झाली आहे' म्हणणं किती नाजूक आहे! तिने काही केलंच नव्हतं, मग क्षमा कशाची? असा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे, आणि तो टाळण्यासारखा नाही. माझं उत्तर असं की रमाबाईंच्या शिकवणीत विधवेचा वेगळा अपराध उरतच नाही. सगळेच पापी, शास्त्री, सासू, न्यायाधीश, मिशनरी आणि खुद्द पंडिता रमाबाई. पापाचं एकच मोजमाप सगळ्यांना लागू झालं की विधवेच्या डोक्यावरचा खास डाग आपोआप पुसला जातो. आणि क्षमा सगळ्यांना एकाच दाराने मिळते, तेव्हा तिला सासूच्या मागे उभं राहावं लागत नाही. अपराधाचं खातं मागच्या जन्मांकडून काढून घेऊन या जन्मी बंद करण्याचं काम त्या क्षमेने केलं. बालविधवेच्या दृष्टीने हा सिद्धान्ताचा काथ्याकूट नव्हता. उद्या सकाळी मान वर करून चालता येईल की नाही, असा प्रश्न होता.

१८९३ ची फूट याच्या नंतरची आहे, हे लक्षात ठेवलं पाहिजे. शारदा सदन काढताना रमाबाईंनी धार्मिक तटस्थतेचं वचन दिलं होतं. मुलींनी आपापला धर्म पाळावा, कुणावर सक्ती नाही. सक्ती झालीही नाही. सदनातल्या पहिल्या विधवांपैकी गोदूबाईंनी ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला आणि त्या अखेरपर्यंत हिंदूच राहिल्या. पण रमाबाई स्वतःच्या खोलीत मनोरमेबरोबर प्रार्थना करत आणि दार उघडं ठेवत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'त टीकेची झोड उठली, पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे आणि भांडारकर यांनी सदनाचं सल्लागार मंडळ सोडलं. पालकांची तक्रार पोकळ नव्हती. त्यांना जे सांगून मुली ठेवून घेतल्या होत्या, त्यापेक्षा सदनाची हवा वेगळी झाली होती, हे मान्य करायला हवं. पण रमाबाईंनी कपटाने वचन मोडलं, हा आरोप मला पटत नाही. १८८९ मध्ये वचन देणारी बाई ख्रिस्ती धर्म पाळत होती. १८९३ मध्ये दार उघडं ठेवणारी बाई ज्या अंधारातून सुटली होती त्याच अंधारात बसलेल्या मुली तिला रोज समोर दिसत होत्या. दार लावून घेणं तिला जमण्यासारखं नव्हतं.

मग पुन्हा दुष्काळ आला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून भुकेल्या मुलींचे लोंढे रस्त्यांवर आले आणि त्यांच्यावर डोळा ठेवून दलालही आले. स्वतः पाला खाल्लेल्या रमाबाई तिकडे धावल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते म्हणून मुलींना केडगावच्या शेतजमिनीवर आणलं आणि तिथेच मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या जवळपास दोन हजारांवर गेली. फुलहॅममध्ये पाहिलेलं इथे मराठी मातीत उतरलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठीच्या घराचं नाव ठेवलं 'कृपा सदन'. यातल्या कितीतरी मुलींनी पोटासाठी चोरी केली होती, कितीजणींवर अत्याचार झाले होते. त्यांना शेती, विणकाम, छपाई, स्वयंपाक शिकवला जाई आणि त्याबरोबर हेही सांगितलं जाई की देवापुढे तुम्ही स्वच्छ होऊ शकता.

१९०५ च्या सुरुवातीला वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या केडगावला आल्या. रमाबाईंनी प्रार्थनेसाठी मुलींना बोलावलं. सुरुवातीला सत्तर जणी येत, पाहता पाहता त्या साडेपाचशे झाल्या. २९ जूनच्या पहाटे वसतिगृहात एक मुलगी प्रार्थनेत असताना तिच्याभोवती जाळ दिसतो आहे असं वाटून मेट्रन पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकिकत मुक्तीच्या अमेरिकन मिशनरी मिनी एब्रॅम्स यांनी नोंदवली आहे. ३० जूनला रमाबाई नेहमीच्या शांत पद्धतीने योहानाचा आठवा अध्याय समजावत होत्या. दगडमार करायला आणलेल्या स्त्रीला येशू दोषी ठरवत नाही, ती कथा याच अध्यायाच्या आरंभी आहे. एकाएकी मुली मोठ्याने रडू लागल्या. पुढचे कित्येक दिवस वर्ग, काम, सगळं थांबलं. मुलींनी चोऱ्या कबूल केल्या, वस्तू परत आणून दिल्या, एकमेकींचे पाय धरले. आणि मग रडण्याच्या जागी गाणं, टाळ्या, हसू आलं, क्षमा झाल्याचं त्यांना आतून कळलं तसतसं.

गोऱ्या मिशनऱ्यांपैकी अनेकांना हा गलका खटकला. उपासना शांत, शिस्तीची असावी असा त्यांचा आग्रह होता. रमाबाईंनी 'मुक्ती प्रेअर बेल' मधून मुलींची बाजू घेतली. भारतीय माणूस देवापुढे भारतीय पद्धतीनेच रडेल आणि हसेल, पश्चिमेची शिस्त त्याच्यावर लादू नये, असा त्यांचा विचार होता. वाँटेजच्या जेराल्डिनशी भांडलेली रमाबाई इथे पुन्हा दिसते. गंमत वाटावी अशी नव्हे तर अभिमान वाटावा अशी ही सुसंगती आहे. पुढे मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. दुष्काळात रस्त्यावरून उचलून आणलेल्या, ना जात ना घर असलेल्या मुली, कुठल्याही पाद्र्याची दीक्षा न घेता, पारावर उभ्या राहून सांगत होत्या की माझी पापं गेली. त्यांच्या बोलण्यामागचा अधिकार एवढाच होता, की हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं.

याच सुमारास रमाबाईंनी आयुष्यातलं शेवटचं मोठं काम हाती घेतलं. पवित्र शास्त्राची मराठी भाषांतरं तेव्हा उपलब्ध होती, पण ती केडगावच्या शेतावर राबणाऱ्या बाईला समजत नाहीत असा त्यांचा अनुभव होता. आपल्याला खात्री मिळाली ती वाचनातून. मध्ये ना शास्त्री होता ना बिशप. मग तीच सोय या बायकांना का नको? हिब्रू आणि ग्रीक त्यांनी उतारवयात शिकून घेतलं. कान ऐकू येईनासे झाले तरी भाषांतर चालू राहिलं. खिळे जुळवण्यापासून बांधणीपर्यंत मुक्तीच्या छापखान्यातलं काम तिथल्या बायकाच करत. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, त्यापूर्वी त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचं भाषांतर पुरं केलं होतं.